टीनाच्या मागे अख्खं गाव

आसगावच्या गोमाजींचा टक्क्यांवर विश्वास होता. त्यांच्या टीनाला दहावीत भरपूर टक्के पडले होते आणि आता बारावीनंतर तिला शेतकीच्या कॉलेजात जायचं होतं. पवनीच्या क्लासच्या सरांनी त्यांचं अज्ञान दूर केलं. टक्के आता कोणी विचारत नाही, सीईटीचं पर्सेंटाइल विचारतात.

"ते का असते जी?"

"तुमच्या मुलीच्या मागे शंभरातले किती जण राहिले, ते."

"अन् तिले किती येते, ते?"

"ते कोण बघतं? मागे किती, ते बघतात."

गोमाजींना शास्त्र तत्काळ कळलं. पुढे जाणं आपल्या हातात नसतं. मागे माणसं उभी करणं असतं. ग्रामपंचायत त्यांनी अशीच जिंकली होती.

गावातल्या झाडून साऱ्या बारावी पास लोकांचे फॉर्म भरले गेले. पंक्चरवाला बाबुलाल, गोमाजींची सून रत्नमाला, कायम पोलीस भरतीची तयारी करणारा सचिन. मारुतीसमोर शपथ झाली, एकही उत्तर बरोबर द्यायचं नाही.

"मामाजी, मले तं तसंही काही येत नाही," रत्नमाला म्हणाली.

"तरी सांभाळ पोरी. अंदाजानं बटन दाबशीन अन् पुढं निंगून जाशीन!"

हॉलतिकिटं आली. गावाला सकाळची शिफ्ट, टीनाला दुपारची. गोमाजी धावत सरांकडे गेले. सरांनी शांतपणे सांगितलं, पर्सेंटाइल ज्या त्या शिफ्टपुरतंच मोजतात.

"मंग आमचं गाव कोनाच्या मागं राहून राह्यलं?"

ते निकालाच्या दिवशी कळलं. पवनीच्या चौकात सकाळच्या शिफ्टला बसलेल्या वरठीच्या कुंदनचं बॅनर लागलं. 'यशाचे श्रेय : आईवडील व सर.' बाबुलालनं सायकल थांबवून बॅनर वरपासून खालपर्यंत वाचलं.

"अन् आमी कोठी हावो बे याच्यात? शपथ तं आमी घेतली होती!"

दुपारच्या शिफ्टला मागे राहायला कोणी तयारच नव्हतं. टीनाची सीट गेली.

आठवड्यानं सर पेढे घेऊन स्वतः आसगावला आले.

"गोमाजी, कल्पना उत्तम होती. नियोजन कच्चं होतं. यंदा आम्ही दोन बॅच काढतोय, पुढची आणि मागची. मागच्या बॅचला होस्टेल, युनिफॉर्म, सगळं. प्रत्येक शिफ्टला पुरतील एवढी मुलं हवीत."

"त्याइले शिकवान का?"

"काहीच नाही. त्यासाठी स्टाफ आमच्याकडे आधीपासून आहे."

दारात उभ्या टीनानं विचारलं, "सर, मी कोनत्या बॅचमधी?"

सरांनी तिच्या हातावर पेढा ठेवला. "बेटा, तुला अनुभव आहे."

टीनानं पेढा कोंबड्यांना टाकला आणि आत निघून गेली. मागची बॅच महिनाभरात भरली.

तुमच्या घरात बॅनरवरचं पोर असेल तर अभिनंदन. फक्त त्याला म्हणावं, एवढे पाय आपटून चालू नको. खाली माणसं राहतात.