बारा विहिरींचं पाणी

जगदेवीनं तपासलेल्या बाराही विहिरींचं पाणी अगदी एकसारखं निघालं, तेव्हा तिचे मार्गदर्शक शेषेराव सरांनी चष्मा पुसून तक्ता पुन्हा वाचला.

"चाकूरकडची बारा गावं. एका विहिरीचं मचूळ, दुसरीचं गोड, असं तूच सांगितलं होतंस. मग क्षार सगळीकडं सारखे कसे?"

पुढच्या सोमवारी विद्यापीठाची समिती येणार होती. धड निकाल नसला तर जगदेवीची फेलोशिप दुसऱ्या वर्षीच संपणार, आणि तिनं गावी परतायचं. तपासणीचं रसायन यायला तीन आठवडे लागले, तेवढ्यात त्या विहिरी आटल्या होत्या. पुन्हा नमुने कुठून आणणार?

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या होत्या. पाणी मात्र जुन्या जिल्ह्यात असताना होतं तेवढंही उरलं नव्हतं. फेलोशिपच्या मुलांना अभ्यासाला म्हणून विद्यापीठानं लातुरातल्या उमाबाईंच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या घेतल्या होत्या. दर शनिवारी सगळे तिथं बसून एकमेकांचं लिखाण वाचत. जगदेवी आत उमाबाईंजवळच राहायची; सगळे त्यांना मावशी म्हणत. दारामागं उमाबाईंनी खडूनं एकच नियम लिहिला होता : दुसऱ्याचं पाणी घेतलं तर त्यानं विचारायच्या आत भरून ठेवावं.

"बाटल्या होत्या कुठं?" सरांनी विचारलं.

"मावशींच्या सैपाकघरात. तिथं गारवा हाय म्हणून."

उमाबाईंचा भाजी निवडणारा हात थांबला.

"त्या दवाखान्यातल्या काचेच्या? त्यातली एक मी घेतली, सर. शनिवारी टँकर आला न्हाई. तुमच्याच चहाला पाणी नव्हतं."

"माझ्या?"

"हाव. दोनदा घेतलात. लई चांगला झालाय म्हणलात. पण दुसऱ्या दिवशी भरून ठेवली, गळ्यापर्यंत."

कोपऱ्यात बसलेल्या पंचाक्षरीनं वही मिटली. "मीबी तीन घेतल्या. दाढीला."

"एका दाढीला तीन?"

"परिषदेत निबंध वाचायचा होता, सर. भरल्या पण."

"मी पाच," देगलूरचा सिद्धराम खाली बघत म्हणाला. "अंघोळीला. नमुने कॉलेजात गेले आन् मोकळ्या बाटल्यांत मावशींनी पाणी भरलं, असं वाटलं. भरताना चिठ्ठ्या भिजू दिल्या न्हाईत."

"नऊ झाल्या. राहिलेल्या तीन?"

उमाबाईंनी सरांच्या पायांकडं पाहिलं. "बाहेरून आलात की पाय धुवायला पाणी कोण देतं तुम्हाला?"

सरांनी पाय खुर्चीखाली ओढले.

"समितीला मी खरं सांगते," जगदेवी म्हणाली. "जाते गावी."

"थांब," सर म्हणाले. "आपला टँकर भरतो कुठं?"

"मांजरेकाठच्या विहिरीवर. अर्ध्या लातूरचा तिथंच भरतो."

"आणि तुझ्या गावांचा?"

जगदेवीनं मान वर केली. "विहिरी आटल्यापासून तिथंबी टँकरच जातो. त्याच विहिरीवरून."

"मग घराघरांतल्या घागरींतलं पाणी आण. आणि इथं जे झालं तेही लिही. सगळं."

सोमवारी समितीपुढे घागरींतल्या पाण्याचाही तसाच तक्ता गेला. बारा ओळी, आकडा जवळपास एकच. एका विहिरीवर आता बारा गावं आणि लातूरचा अर्धा भाग जगतो आहे, हे त्यावरून कोणालाही कळत होतं. सोबत पहिल्या बाटल्यांची पानभर हकिकत होती, सरांच्या पायांसकट. तिसरं वर्ष मंजूर झालं.

एक गोष्ट मात्र अहवालात आली नाही. जगदेवी आणि सिद्धराम त्या गावांना निघताना उमाबाईंनी सिद्धरामच्या खांद्यावर भरलेली घागर दिली होती. ज्या घरातून बाटलीभर पाणी घ्यायचं, तिथं तेवढंच परत ओतायचं. एसटीत कंडक्टर कुरकुरला, तरी घागर खाली ठेवायची नाही.

शेवटच्या गावात रत्नम्मा नावाच्या म्हातारीनं बाटली भरू दिली. सिद्धरामनं तिच्या घागरीत पाणी ओतलं तशी ती वाकून बघू लागली.

"कुठलं गं पोरी हे पाणी?"

"तुमचंच हाय, आजी," जगदेवी म्हणाली.