सुभेदार शिंगट्यांची मागची सीट

सुभेदार शिंगटे मोटरसायकलला किक मारण्याआधी मला तपासत. गाडी त्याआधी तपासून झालेली असे. टायर, तेल, ब्रेक, चेन, दिवा, सगळं. याला ते 'फर्स्ट परेड' म्हणत. मग माझी पाळी. बुटांच्या नाड्या, हेल्मेटचा पट्टा, खांद्यावरची पिशवी. एकदा माझ्या शर्टाचा खिसा बाहेरून दाबून त्यांनी विचारलं, ह्ये काय? पेन होतं. टोपण घट्ट लावा, म्हणाले. एवढं सगळं झालं की मी मागे बसायचं आणि 'सवारी तयार' असं मोठ्यानं सांगायचं. पहिल्या दिवशी मी नुसतं 'हं, चला' म्हणालो, तर गाडी जागची हलली नाही.

तेव्हा आम्ही नुकतेच नोएडात राहायला आलो होतो. सेक्टरला नंबर मिळाला होता, रस्ता मिळायचा होता. लोक पत्ता सांगताना सेक्टर, ब्लॉक आणि विटांचा ढीग सांगत. मला दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर एका परदेशी कंपनीत नोकरी लागली होती. देशाचे दरवाजे उघडले म्हणून कंपनी घाईघाईनं आत आली होती आणि आपण इथे नेमकं काय विकायचं ते आता ठरवत होती. पलीकडच्याच इमारतीत सुभेदार सिक्युरिटीचे प्रमुख होते. माझ्या दारावरची 'पाटणकर' ही पाटी वाचून ते एका रविवारी थेट आत आले, बूट वाजवून उभे राहिले आणि म्हणाले, "मराठी?" मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या मागे बसून ऑफिसला जाऊ लागलो. मला कोणी विचारलं नव्हतं.

माणूस साताऱ्याकडचा, माण तालुक्यातला. फौजेत अठ्ठावीस वर्षं गाड्या हाकलेल्या. लेहपासून तेजपूरपर्यंत एकही डोंगर सोडला नव्हता, आणि अठ्ठावीस वर्षांत सवारीला ओरखडा नाही, हे ते दर आठवड्याला एकदा तरी सांगत. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगा अंबाल्याला फौजेतच. सुभेदार आमच्याच सेक्टरात एका खोलीत एकटेच राहत, आणि ती खोली कधीही कोणी इन्स्पेक्शनला येईल अशी ठेवत. 'कसे आहात' हा प्रश्न त्यांना ठाऊक नव्हता. ते विचारत, "रिपोर्ट काय?" माझ्या बायकोलाही असंच विचारत. सुनंदा शाळामास्तरीण. तिला हा माणूस पहिल्यापासून पसंत नव्हता. माणसाच्या घरात येतो की छावणीत, असं ती त्यांच्या पाठीमागे म्हणे. त्यांच्या समोरही एकदा म्हणाली, पण त्यांना ती स्तुती वाटली.

नोएडा ते कस्तुरबा गांधी मार्ग पाऊण तास लागे, आणि तो पाऊण तास सुभेदार बोलत. थांबतच नसत. गावची ज्वारी, भावांची भांडणं, झोजिला खिंडीत अडकलेला ट्रक, कारब्युरेटर, कोणत्या पलटणीच्या लंगरातलं जेवण चांगलं, सगळं तोंड किंचित मागे वळवून, वाऱ्यावर ओरडून. खरं सांगायचं तर मला त्यातलं निम्मं ऐकू येत नसे आणि उरलेल्या निम्म्यातलं निम्मं मी ऐकत नसे. सिग्नलला गाडी थांबली की 'हो ना' म्हणायचं, हा माझा रिवाज. त्यावर ते खूश असत.

अपघात झाला तो यमुनेच्या पुलाच्या अलीकडे. कुठल्याशा नव्या फ्लॅटांसाठी चाललेल्या ट्रकमधून बदरपूर सांडलं होतं. बदरपूर म्हणजे बांधकामाची जाड लाल वाळू, दिल्लीकडचा शब्द. वळणावर गाडी त्यावरून शांतपणे आडवी झाली. वेग तिसाच्या वर नव्हता. मी आधी पडलो, मग माझ्या पायावर गाडी पडली. सुभेदारांनी उठून पहिल्यांदा इंजिन बंद केलं, पेट्रोलचा कॉक फिरवला, गाडी उचलून स्टँडला लावली आणि माझ्याशेजारी गुडघ्यावर बसून म्हणाले, "रिपोर्ट?" मी म्हणालो, पाय. त्यांनी माझा टाय सोडला, माझ्याच वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी केली आणि पाय असा बांधला की हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं तो सोडायला कात्री मागवली. नडगीचं हाड मोडलं होतं. सुभेदारांचं फक्त कोपर सोललेलं. त्यांनी ते बाहीखाली लपवलं. संध्याकाळपर्यंत बाहीतून रक्त दिसत होतं, पण विचारायची सोय नव्हती.

चौथ्या दिवशी ते आमच्या घरी आले ते ब्लेझर घालून, मेडल लावून, हातात फाइल घेऊन. फौजेत गाडीला अपघात झाला की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. इथे ती बसवणारं कोणी नाही, म्हणून ती आपणच बसवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. अडचण एकच होती. आरोपी ते स्वतः, साक्षीदारही तेच. मग पीठासीन अधिकारी कोण? नियमानं तो आरोपीहून वरच्या दर्जाचा हवा. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि स्वयंपाकघरातून बाहेर आलेल्या सुनंदाला म्हणाले, वैनी, बसा.

तिच्या हातात कणीक होती. ती म्हणाली, मला कुकर बघायचाय. सुभेदार म्हणाले, कोर्ट वाट बगंल.

तीन शिट्ट्या होईपर्यंत कोर्टानं वाट बघितली. मग सुनंदा खुर्चीवर बसली आणि सुभेदार तिच्यासमोर ताठ उभे राहून स्वतःविरुद्ध साक्ष देऊ लागले. वाळू दिसायला हवी होती, दिसली नाही. वळण माहितीचं होतं. सवारीचं वजन गृहीत धरायला हवं होतं. मी पलंगावरून म्हणालो, अहो, वाळू ट्रकवाल्यानं सांडली. त्यांनी मला गप्प केलं. साक्षीदाराला विचारल्याशिवाय बोलता येत नाही, म्हणे. साक्षीदार मी केव्हा झालो हे मला कळलं नाही. अर्ध्या तासानं त्यांनी गुन्हा कबूल केला आणि शिक्षा मागितली. त्यांच्या अंदाजानं अठ्ठावीस दिवस पिठ्ठू योग्य होता. पिठ्ठू म्हणजे पाठीवर वजन बांधून पळायचं.

सुनंदा चार दिवस जागी होती. माझं प्लास्टर, तिची शाळा, माझ्या आईचे फोन. ती शांतपणे म्हणाली, "पिठ्ठू बिठ्ठू काही नको. शिक्षा एकच. ह्यांना परत त्या गाडीवर मागे बसवायचं नाही. कधीच नाही."

सुभेदारांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा उतरलेला पाहिला. म्हणजे मिशी होती तशीच होती, पण तिच्या आसपासचं सगळं खाली आलं. ते म्हणाले, त्याऐवजी दोन महिने पिठ्ठू चालंल का? सुनंदा म्हणाली, नाही. मग त्यांनी 'हुकूम' असं म्हणून सॅल्यूट केला आणि फाइल मिटून गेले. मला वाटलं, अठ्ठावीस वर्षांचा रेकॉर्ड गेला म्हणून माणूस दुखावलाय. एखाद्या ड्रायव्हरला याहून मोठा अपमान काय असणार? मला मनातून थोडं हसूही आलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पिठ्ठू सुरू केलाच. शिक्षा म्हणून नाही, चांगली वर्तणूक दाखवायला म्हणून. सकाळी साडेपाचला बावन्न वर्षांचे सुभेदार पाठीवरच्या पिशवीत आठ विटा घालून आमच्या ब्लॉकला फेऱ्या मारत. विटा बांधकामावरून मोजून आणत आणि मोजून परत ठेवत. शेजारचे चड्ढाजी मला विचारायला आले की हा कुठल्या नव्या आजाराचा व्यायाम आहे, कारण त्यांनाही करायचा होता.

आणि दर रविवारी दयेचा अर्ज. फुलस्केपवर, सुवाच्य, 'माननीय पीठासीन अधिकारी यांस'. सवारी मागे बसविण्याची बंदी उठवावी, ही नम्र विनंती. कारणं दर वेळी वेगळी. एकदा टायर नवे घातले. एकदा पाठीमागे धरायला दांडी बसवली. एकदा, मागची सीट रिकामी असल्याने गाडीचा तोल बिघडत आहे. सुनंदा अर्ज वाची, नेहमीच्या सवयीनं खाली लाल पेनानं 'पाहिले' असं लिहून सही करी आणि परत देई. सुभेदार तो फाइलीला लावत. मी एकदा तिला म्हटलं, सोड ना आता. ती म्हणाली, तुमचा पाय मोडला, माझा नाही, म्हणून तुम्हाला सुचतंय. या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण तेव्हा तो निर्विवाद वाटला.

अडीच महिन्यांनी मी काठी घेऊन ऑफिसला जाऊ लागलो, चार्टर्ड बसनं, म्हणजे ऑफिसवाल्यांनी महिन्याच्या भाड्यानं ठरवलेल्या. खिडकीची ठरलेली जागा, मागे रमी खेळणारी चौकडी, पुढे स्वेटर विणणाऱ्या दोन बायका. सगळं आरामाचं. कोणी खिसा दाबत नाही, कोणी बोलत नाही. मी खुशाल झोपत असे.

एक दिवस प्रगती मैदानाच्या सिग्नलला बस थांबली आणि मला जाग आली. खिडकीखाली सुभेदारांची मोटरसायकल उभी. एकटेच होते. मी हाक मारणार, तेवढ्यात लक्षात आलं की ते बोलतायत. तोंड किंचित मागे वळवून, नेहमीसारखं, मोठ्यानं. मागच्या सीटवर कोणी नव्हतं.

मी काच सरकवली. ते सांगत होते की धाकट्या भावानं विहिरीवर मोटर बसवली पण थोरल्याला सांगितलं नाही, आता दिवाळीला गेलो की दोघांना समोरासमोर बसवणार. मग ते थांबले. थोडा वेळ, एखाद्यानं 'हो ना' म्हणावं एवढा. आणि पुढे म्हणाले, "तर काय सांगत व्हतो, साब..." सिग्नल सुटला.

मला फार वाईट वाटलं. उगाच आडपडदा कशाला, रडूच आलं. स्वेटरवालीनं माझ्याकडे बघितलं आणि मी काठी शोधल्यासारखं केलं. ऑफिसला पोचलो तो थेट त्यांच्या इमारतीत गेलो. ते गेटवर रजिस्टर तपासत होते. मी आडून आडून विचारलं, हल्ली गाडीवर काय चालतं? त्यांना कळलं. ते रजिस्टरमध्येच बघत राहिले आणि सावकाश सांगू लागले. दिवसभर हिंदी. पोरगा केंद्रीय विद्यालयात शिकला, फोनवर 'जी पापा, ठीक है पापा' करतो. मंडळी होती तोवर घरात मराठी होतं. ती गेल्यावर उरला तो आमचा पाऊण तास.

"बोललं न्हाई तर जीभ विसरंल, साब. रेकॉर्डचं काय, त्ये गेलं तर गेलं."

एवढं म्हणून त्यांनी एका पाहुण्याला नाव लिहायला लावलं आणि वेळ चुकीची टाकल्याबद्दल झापलं, हिंदीत.

घरी येऊन मी हे सुनंदाला सांगितलं. ती वह्या तपासत होती. दोन-तीन वह्या तपासल्या, मग लाल पेन बंद करून गठ्ठा बाजूला सारला. मला वाटलं, रविवारच्या अर्जावर या वेळी 'मंजूर' लिहील.

रविवारची वाट तिनं बघितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार खाली गाडीची फर्स्ट परेड करत असताना ती पर्स आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी वरून बघत होतो. ती म्हणाली, "ह्यांचं नंतर बघू. आधी मला शाळेपर्यंत सोडा."

सुभेदार गडबडले. अठ्ठावीस वर्षांत ही परिस्थिती आली नसावी. मग त्यांनी स्वतःला सावरलं, तिच्या पायातल्या चपला बघितल्या, पदर खोचायला सांगितला, वह्यांचा गठ्ठा सुतळीनं बांधला. ती एका बाजूला पाय सोडून बसली. कमरेच्या छल्ल्यातल्या चाव्यांच्या आवाजात बोलणं बुडू नये म्हणून त्या तिनं हातात धरल्या. आणि मी जे इतके महिने पुटपुटत आलो, ते 'सवारी तयार' तिनं असं म्हटलं की चड्ढाजी बाल्कनीत आले.

संध्याकाळी मी तिला विचारलं, काय मग, काय काय बोलले? ती पोळ्या लाटत होती, पाठ माझ्याकडे.

"एक अक्षर नाही बोलले," ती म्हणाली. "मीच बोलत होते. शाळेतलं, आईचं, तुमच्या पायाचं. मलासुद्धा दिवसभर 'मॅम, मॅम'च असतं हो. थांबवेचना मला. उतरल्यावर म्हणाले, वैनी, गाडीवर मागनं बाईमाणसाचं मराठी दोन वर्सांनी ऐकलं. उद्या कोपऱ्यावरनं लांबच्या रस्त्यानं न्हेऊ का?"

मी विचारलं, मग तू काय म्हणालीस? ती म्हणाली, न्या म्हटलं.

बंदी कधी उठली, उठली की नाही, हे त्या फाइलीत बघायला हवं. मला कोणी सांगितलेलं नाही. मी चार्टर्ड बसनं जातो. मागची सीट सुनंदाची आहे.