बैठकीतली तिसरी शिळा

एका जंगलात, वैशाख वद्य तृतीयेला, वारा पूर्ण पडला होता. ऊन सकाळीच पाठीला चटका देत होतं. शांतता बैठकीचा तो एकशे बारावा दिवस होता.

तर मुलांनो, रानडुकरं आणि साळिंदरं एका पाणवठ्यावरून लढली होती. करारावर सह्या होईपर्यंत तिथलं पाणी कोणीच प्यायचं नाही, असं ठरलं. शेजारच्या जंगलातले हत्ती दयाळू. बोलणी चालू असतील तोवर बैठकीतल्यांना ते रोज रताळी आणि सोंड भरून पाणी द्यायचे. बोलणी संपली की शिधा बंद.

चंद्री नावाची हरणी बैठकीत आली. आजूबाजूची डबकी आता आटली होती आणि तिची सासू तहानेनं आडवी पडली होती.

"बगळेभाऊ, पाणवठा कधी उघडणार?" तिनं मध्यस्थाला विचारलं.

"बोलणी नाजूक टप्प्यावर आहेत, ताई."

"पाण्याची वाटणी अडलीय का?"

"छे! ती पहिल्याच दिवशी झाली. सकाळी डुकरं, दुपारी तुम्ही बाकीचे, संध्याकाळी साळिंदरं."

"मग अडलंय काय?"

"आधी सही कोणी करायची ते," डुकरांचे पुढारी घुसळराव रताळं चावत म्हणाले.

"आम्ही आधी मुळीच करणार नाही," साळिंदरांचे काटेराव म्हणाले. "तुमचं खाऊन होऊ द्या, घुसळराव. मग चिडतो."

"सासूबाईंसाठी घोटभर पाणी तरी द्या."

बगळ्यानं वही उघडली. "तुमचं युद्ध कोणाशी आहे?"

"कोणाशीच नाही. आम्ही गवत खातो."

"मग कसं देणार? हे लढणाऱ्यांसाठी आहे."

चंद्रीनं घरी येऊन सगळं सांगितलं. सासूनं मान उचलली.

"अगं, मग कर की युद्ध!"

"कोणाशी?"

"माझ्याशी करतेसच ना रोज? तेच जरा बाहेर कर."

दोघींनी टेकडीवरून सात दगड खाली बैठकीवर ढकलले. एक बगळ्याच्या पायाला लागला. तो लंगडत वर आला, पण चेहरा खुलला होता.

"तिसरा पक्ष! आता वर्षभराची निश्चिंती. सैन्य किती?"

"या सासूबाई."

"बाप रे," खालून घुसळराव म्हणाले.

संध्याकाळी चंद्रीला बसायला तिसरी शिळा, सहा रताळी आणि एक सोंड पाणी मिळालं. सासू प्यायली आणि उठून बसली.

दुसऱ्या दिवशी सह्यांचा विषय निघाला.

"घाई कशाला?" चंद्री म्हणाली. "पावसाळ्यानंतर बघू."

ठराव तीन विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. पाणवठा बंद राहिला. त्याच आठवड्यात सशांनी मोरांविरुद्ध युद्ध पुकारलं.

तात्पर्य: मुलांनो, भांडण करू नका, म्हणजे तुम्हाला शांततेच्या बैठकीला कोणी बोलावणार नाही.