गफूरचाचांचं जहाज आणि आमचा पंप

आमच्या शेजारच्या गफूरचाचांच्या घराला पुढचं दार आणि मागचं दार नाही. आगील आणि पिछील आहे. ओटीवर बसलेला माणूस ‘डेकवर’ असतो आणि स्वयंपाकघर म्हणजे भंडारखाना. उभं आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिनांना तेल पाजण्यात गेल्यावर चाचा आगरदांड्याजवळच्या या गावात परत आले, ते जहाज बरोबर घेऊनच.

आम्ही दोघं निवृत्तीनंतर मुंबईहून इथे राहायला आलो, तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी आमच्या नेमणुका करून टाकल्या. बायकोला ‘कॅप्टन’ आणि मला ‘खलाशी’. मी ऑफिसात साहेब होतो हे सांगायला गेलो, तर म्हणाले, “ते ऑफिसात. हितं कॅप्टन एकच.”

मे महिन्यात एका सकाळी विहिरीच्या काठावरचा आमचा पंप नुसताच घुमायला लागला. नळाला थेंब नाही. मी तारा बघतोय तोवर चाचा कुंपण ओलांडून आलेसुद्धा, हातात लांब पेचकस. त्याचं टोक पंपावर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

“हवा धरलीय. पाणी पाजा.”

पाजलं. कळश्यांवर कळश्या ओतल्या, पण पाइप काही भरेना.

“पितोय किती हा!” मी म्हणालो.

“तहान लागलीय त्याला. खलाशी, ओत!”

पाइपच्या तळाशी असलेला व्हॉल्व्ह गळतोय आणि आमचं पाणी परत विहिरीत जातंय, हे ध्यानात यायला दुपार झाली. मग तो वर काढला, त्यात अडकलेला खडा काढला, पुन्हा सगळं जोडलं. चाचांनी ‘बिस्मिल्ला’ म्हणून बटण दाबलं. पंप खाकरला, थरथरला आणि त्याच्या पाठीतून धूर यायला लागला.

“चाचा, हा धूर कसला?” बायकोनं विचारलं.

“काय नाय, कॅप्टन. जहाजातून पण निघतो.”

त्यानंतर पंप जो गप्प झाला तो कायमचाच.

मुरुडहून सचिन मेकॅनिक आला. त्यानं पंप उघडून नुसता वास घेतला. “वाइंडिंग जळलंय काका. बॉडी पण खाऱ्या हवेनं खाल्लीय. पाण्यातला पंप टाका, सबमर्सिबल.”

“पाण्यातला?” चाचा भडकले. “बुडालेल्या जहाजावर कोण नोकरी करतो काय? मशीन माणसाच्या डोळ्यांसमोर पायजे!”

पण आमची कॅप्टन सचिनच्या बाजूची निघाली.

नवा पंप येईपर्यंत चाचांनी स्वतःच्या विहिरीचं पाणी कुंपणावरून पाइप टाकून आम्हाला दिलं. पाणी सोडायच्या आधी “कॅप्टन, पाणी येतंय!” अशी आरोळी, आणि पाणी येत असताना पाइपवर पहारा म्हणून आमच्या ओटीवर बसून चहा.

पंप विहिरीत सोडायच्या दिवशी दोराला मी आणि सचिन, हुकूम चाचांचे. “हाबेस म्हणजे ओढायचा, आरिया म्हणजे सोडायचा. समजला? आरिया... आरिया... हाबेस! नाय नाय, आरिया!” सचिननं सोडला, मी ओढला. पंप अर्ध्या विहिरीत झोके घ्यायला लागला. चाचा काठावरून वाकून दोघांच्या नावानं ओरडत होते. शेवटी बायको म्हणाली, “अहो, सोडा!” आम्ही सोडला आणि पंप सुखरूप पाण्यात गेला.

बटण दाबलं. नळाला धो धो पाणी! सचिन हसला, आम्ही टाळ्या वाजवल्या. चाचा मात्र विहिरीत कान देऊन उभे.

“आवाजच नाय याला.”

“बरंच झालं की,” मी म्हणालो. “जुन्यानं कान किटले होते.”

चाचा कुंपणापाशी जाऊन स्वतःचा पाइप गुंडाळायला लागले. एवढ्याशा पाइपला फार वेळ लावत होते.

“पोरं तिकडं कुवेतला,” पाइपकडेच बघत ते म्हणाले. “बायको अल्लाच्या घरी. सकाळी उठून बसतो तर घरात सगळा चिडीचूप. मग तुमचा पंप धडधडायचा. मला कळायचं, शेजारी माणसं उठली. तेव्हा उठून चहा टाकायचो. आता कसा कळणार?”

बायकोनं पुढे होऊन पाइपचं दुसरं टोक धरलं आणि गुंडाळायला मदत केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोळे चोळत बाहेर आलो, तर ही कुंपणापाशी उभी.

“चाचा, उठलो हो आम्ही!”

पलीकडे भांड्यांचा खणखणाट झाला आणि आतून आवाज आला, “या मग इकडंच. तिघांचा टाकतो.”