कपाट कुणाच्या नावानं?

"हे कपाट कुनाच्या नावानं हाय?" धर्माजी तात्यांनी कॉम्प्युटरच्या काचेवर बोट टेकवून विचारलं.

वैजयंतीला आधी प्रश्नच कळला नाही. "कुनाच्याच नाय, तात्या. नुसतं कपाट हाय ते."

"नुसतं कसं आसंल? कुनी तरी दिलं आसंल, तवाच आलं ना?"

तात्यांचं तरी काय चुकलं? गावात बिननावाची वस्तू शोधून सापडायची नाही. घरातलं माणूस गेलं की त्याच्या वर्षश्राद्धाला गावाला काहीतरी द्यायचं आणि त्यावर ठसठशीत 'यांच्या स्मरणार्थ' लिहून घ्यायचं, ही बोरी बुद्रुकची रीत. शाळेचे बाक, पंगतीची पातेली, एसटीच्या थांब्यावरचं सिमेंटचं बाकडं, सगळी नावानिशी उभी. देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर तीन घराण्यांची नावं होती आणि पंखा फिरला की ती वाचता येत नाहीत म्हणून भर उन्हाळ्यात तो बंद ठेवायला लावणारी मंडळीही होती.

वैजयंती गावातली पहिली कॉम्प्युटरवाली. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून तिनं 'व्हर्च्युअल लायब्ररी' घेतली होती. पडद्यावर एक खोली, खोलीत कपाटं, कपाटात पुस्तकं. बाणाची बटणं दाबत आत चालत जायचं, पुस्तकावर टिचकी मारायची की पुस्तक उघडणार. आणि पुस्तक म्हणजे नुसती पानं नव्हेत बरं का! 'किल्ला' उघडलं की आपण थेट तटावर उभे. 'समुद्र' उघडलं की भिंती गायब, चहूकडे पाणीच पाणी आणि लाटांचा आवाज. गावातल्या शाळेतल्या पोरांनी समुद्र पाहिला नव्हता, आणि तो त्यांना दाखवायचाच, असं तिनं मनाशी घेतलं होतं.

पण साल दोन हजार सात, आणि वीज दिवसातून आठ-दहा तास गायब. कॉलेजात पहिल्यांदा दाखवायला गेली, तर समुद्राची पहिली लाट येते न येते तोच लाइट गेली. सरांनी दुसरी तारीख दिली. घरी दादांनी, म्हणजे वडिलांनी, सांगून टाकलं, "या टायमाला सुटलीस तर पुन्याला म्होरं शिकायला जा. न्हाई सुटलीस तर मग माझ्याशी बोलू नको." दादा बोलले म्हणजे बोलले. म्हणून तिनं गावच्या दूध डेअरीचा कॉम्प्युटर धरला होता. तिथं जनरेटर होता, आणि सकाळचं दूध गेल्यावर संध्याकाळचं येईपर्यंत मशीन मोकळं असायचं. चेअरमन होते धर्माजी तात्या. त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती.

"लिहू का तात्या तुमच्या आईचं नाव?" तिनं विचारलं. एक नाव लिहायला असं काय लागतं?

तात्यांचे डोळेच पाणावले. "लिव. कैलासवासी ठकूबाई. आन् वर त्यांचा फोटू लाव. हाराचा."

झालं. संध्याकाळी दूध घालायला आलेल्या प्रत्येकाला तात्यांनी बोलावून बोलावून आईचं कपाट दाखवलं. दुसऱ्या दिवशी कुशाबा अण्णा दारात हजर. कुशाबा हे तात्यांचे चुलतभाऊ, द्राक्षबागवाले, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं फक्त भांडणापुरतं.

"आमच्या आईनं काय पाप केलं व्हतं?" कुशाबांनी विचारलं. "कैलासवासी गोजरबाई. आन् कपाट तात्याच्या कपाटापरीस वीतभर उंच पायजे."

"उंच व्हनार न्हाई!" आतून तात्या ओरडले. "डेअरीचा कॉम्पुटर हाय!"

"डेअरी सगळ्या गावाची हाय!"

वैजयंतीनं दोन्ही कपाटं सारख्या उंचीची केली आणि समोरासमोरच्या भिंतींना लावली. मग त्यातून नवंच निघालं. कुशाबा म्हणाले, माझ्या आईचं तोंड दक्षिणेला आलं. तिनं खोलीच फिरवली. मग दार फिरलं. दारातून आत येताना पहिलं कोणाचं कपाट दिसतं यावरून पुन्हा जुंपली, म्हणून तिनं खोलीला दोन दारं केली. आठवडाभरात पडद्यावरच्या लायब्ररीत पंखा आला, घड्याळ आलं, पाण्याचा माठ आला, बसायची बाकं आली, आणि प्रत्येकावर एकेक हाराचा फोटो. पंखा फिरता ठेवायचा नाही, हे न सांगताच ठरलेलं होतं.

बयाबाईंची तऱ्हा वेगळी. एका म्हशीचं दूध घालायला येणारी ही म्हातारी चांगली खणखणीत होती. काठी टेकत आली आणि म्हणाली, "माजं बी एक कपाट कर गं पोरी."

"कुनाच्या नावानं, आज्जी?"

"माज्या. बयाबाई लिव. पन ते 'कै' का फै लावू नको. म्या जित्ती हाय आजून."

"आवो, मग आत्ताच कशाला?"

"मेल्यावं ल्योक लिवल याचा काय भरवसा? त्यो त्याच्या बायकोला इचारनार. त्यापरीस माज्या डोळ्यादेखत लिव. वाचता येत न्हाई, पर फोटू तर बगता यील."

वैजयंतीला हसूही आलं आणि म्हातारीची मायाही आली. तिनं बयाबाईंचं कपाट खिडकीशेजारी, भरपूर उजेडात ठेवलं. फोटोला हार घातला नाही.

परीक्षेला दोन दिवस उरले आणि मशीननं हात वर केले. जागा संपली! एवढे फोटो, एवढे हार, मशीन तरी काय करील? तात्यांनी बजावलं, "दुधाच्या हिशोबाला हात लावायचा न्हाई." नावांना हात लावला असता तर गावात राहता आलं नसतं. मग उरलं काय? लायब्ररीत जागा व्हावी म्हणून वैजयंतीनं पुस्तकं बाहेर काढली. सगळी पुस्तकं एका सीडीवर उतरवली आणि मशीनमधून पुसून टाकली. परीक्षेच्या वेळी सीडी घातली की कपाटं भरणार. लायब्ररीतून पुस्तकं काढताना तिला काही वावगं वाटलं नाही, यावरूनच बिचारीच्या डोक्याचं काय झालं होतं ते समजा. आणखी एक प्रत करून ठेवायची, तर कोरी सीडी आणायला आळेफाट्याला जायचं होतं. ते तिनं उद्यावर टाकलं, आणि आहे ती सीडी डेअरीच्या खणात ठेवली.

परीक्षेच्या दिवशी कॉलेजात सकाळीच लाइट गेली. सर बाहेरच्या परीक्षकांना घेऊन थेट डेअरीवर आले. परीक्षक पुण्याचे, चष्मेवाले, आणि आल्या आल्या म्हणाले, "पटकन दाखवा. मला ऊन उतरायच्या आत निघायचंय." बाहेर बघतात तर सगळा गाव धुतलेली कापडं घालून हजर. कुणी नारळ आणलेला, कुणी पेढे.

"हे सगळे कोण?" परीक्षकांनी विचारलं.

"कपाटवाले," सर खाली मान घालून म्हणाले.

जनरेटर सुरू झाला. लायब्ररी उघडली. परीक्षक बाण दाबत आत चालू लागले आणि प्रत्येक पावलाला एक कैलासवासी भेटू लागला. "ही लायब्ररी आहे की..." ते पुढचं बोलले नाहीत, पण सरांना समजलं. परीक्षकांनी ठकूबाईंचं कपाट उघडलं. रिकामं. गोजरबाईंचं उघडलं. तेही रिकामं.

"पुस्तकं कुठं आहेत?"

"सीडीवर हायेत सर, आत्ता घालते." वैजयंतीनं खण ओढला. खणात सुतळी होती, पेन होतं, सीडी नव्हती. तिनं खण पुरता उपसला. पुणं एकदम कुठच्या कुठं गेलं.

"तात्या, हितली सीडी?"

"मी न्हाई बा घेतली."

मागून कुशाबांनी हळूच विचारलं, "चकचकीत व्हती का गं? मदी भोक आसलेली?"

सगळे वळून बघू लागले.

"न्हाई म्हंजी, डेअरीच्या जुन्या सीड्या आमी नेतोच की बागंला," कुशाबा चाचरत म्हणाले. "पाखरं लई मातलीत. ऊन पडलं की चकाकतात, पाखरू फिरकत न्हाई. परवा खनात एक दिसली..."

"आरं, पोरीची पुस्तकं पाखरं राखायला टांगलीस?" तात्या गरजले.

"चष्मा न्हवता रं माज्याजवळ! आन् तू तर म्हनतोस, खनातल्या सीड्या लागंल तवा नेत जा!"

हे मात्र खरं होतं. मग कुशाबा पुढं, तात्या मागं, आणि त्यांच्यामागं धोतरं सावरत अर्धा गाव द्राक्षबागेकडे पळाला. वैजयंतीही धावली. बागेत वाऱ्यावर पन्नासेक सीड्या गरगरत होत्या, जुन्यांवरची शाई उन्हानं उडालेली, आणि आपल्या सीडीवर तिनं घाईत काही लिहिलंच नव्हतं. तिची कोणती, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. शेवटी कुशाबा आणि तात्या एकाच शिडीवर चढले, एक सुतळी कापायला, एक शिडी हलते म्हणून शिव्या द्यायला. सगळ्या सीड्या द्राक्षाच्या क्रेटमध्ये भरल्या आणि वरात परत निघाली. वैजयंतीला रडू येत होतं. परीक्षक एव्हाना निघून गेले असणार, याची तिला खात्रीच होती.

डेअरीच्या दाराशी येऊन पाहते, तर परीक्षक जागेवरच. शेजारच्या खुर्चीवर बयाबाई. चहा निवून त्यावर साय धरलेली.

"आता फुडं चला," बयाबाई पडद्यावर काठी रोखून सांगत होत्या. "ही ठकू. आन् ही समोरची गोजर. सख्ख्या जावा. इहिरीच्या पाळीवरनं भांडल्या आन् एकमेकीशी बोलायच्या बंद झाल्या त्या झाल्याच. पर ठकूनं वालाची आमटी केली का वाटीभर माज्या हातनं गोजरकडं. गोजर म्हनायची, 'कुनी दिली ते सांगू नको, वासावरनं कळलं मला.' आन् वाटी कदी रिकामी परत गेली न्हाई. कदी लोनचं, कदी उकडल्या शेंगा."

"मग पुन्हा बोलल्या कधी?" परीक्षकांनी विचारलं.

"न्हाई. पर ठकू गेली तवा गोजर तीन दिस जेवली न्हाई. पोरांना सांगितलं, पोट दुकतंय."

दारात तात्या आणि कुशाबा क्रेटची एकेक कड धरून उभे होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पण क्रेट खाली ठेवताना कुशाबा म्हणाले, "पोट दुकतंय म्हनली व्हती खरं. मी ओवा आनून दिला व्हता." आणि ते क्रेटमधल्या सीड्या उगाच सारख्या करू लागले.

मग वैजयंती एकेक सीडी पुसून मशीनमध्ये घालू लागली. पहिलीत दुधाचा हिशोब. दुसरीत दूध. एकीत कुणाच्या तरी लग्नाची गाणी निघाली आणि सर घाईघाईनं आवाज कमी करायला धावले. क्रेट तळाला लागत आला. परीक्षक घड्याळाकडे बघत नव्हते, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला धीर आला.

तेवढ्यात मशीन घरघरलं आणि ठकूबाईंचं कपाट पुस्तकांनी भरलं. मग गोजरबाईंचं. मग बयाबाईंचं. वैजयंतीनं 'समुद्र' उघडलं. डेअरीचे गणपतीतले मोठे स्पीकर लावलेले होते. भिंती गेल्या, निळं पाणी पसरलं आणि एक भलीमोठी लाट गर्जना करत थेट अंगावर आली.

"अगं आई गं!" बयाबाईंनी झटकन लुगडं गुडघ्यापर्यंत वर धरलं आणि दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

सगळी डेअरी हसली. परीक्षकही हसले, चष्मा काढून डोळे पुसत हसले. "याहून वेगळी परीक्षा काय घेणार?" ते सरांना म्हणाले. "यांचे पाय भिजले, मुलगी पास."

तात्यांनी नारळ फोडला, तोही मशीनपासून लांब, ओट्यावर. गर्दीत मागं उभ्या असलेल्या दादांनी पेढा घेतला आणि कुणाला तरी विचारलं, "पुन्याला पयली गाडी किती वाजता आसती रं?" कुशाबा मात्र घुटमळत तिच्याजवळ आले. "पोरी, आमच्या आईचं कपाट ठकूकाकीच्या शेजारी सरकवता यील का? तोंड कुटं का हुईना."

"सरकव गं," तात्या म्हणाले. "आन् एक दार काढून टाक."

परीक्षकांनी बॅग उचलली, दारापर्यंत गेले आणि परत फिरले. सरांना वाटलं, मार्क कमी करतात की काय! पण ते वैजयंतीपाशी वाकून अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "एखादं कपाट शिल्लक आहे का? मोठं नको. आमची आई... साळूबाई. मला शिकवलं तिनं, पण तिला स्वतःला वाचता येत नव्हतं."

वैजयंतीचा चेहरा पडला. "सर, मशीनमधी एका फोटोपुरतीबी जागा नाय उरली."

परीक्षकांनी मान हलवली. "असू दे, असू दे. सहज विचारलं." ते वळले, तेवढ्यात बयाबाईंनी काठी आपटली.

"माजं पूस पोरी, आन् त्यांच्या आईचं घाल."

"आज्जी! तुमीच म्हनला व्हता ना, मागनं कुनी लिवायचं न्हाई म्हनून?"

"म्हनलं व्हतं." बयाबाई अजून पाय खुर्चीवर घेऊनच बसल्या होत्या, आणि नजर पडद्यावरच्या पाण्यावर. "पर आता ह्यो समिंदर बगितला ना. खरा बगितल्याबिगर म्या काय जात न्हाई. तवर वापरू दे साळूबाईला."