गुलाबभाऊंची जप्ती

आमच्या गल्लीत विजेच्या एका मीटरला झबलं आहे. पांढऱ्या दोऱ्याचं, क्रोशाच्या सुईनं विणलेलं, खाली फुलांची झालर असलेलं. रीडिंग घ्यायला येणारा माणूस पहिल्यांदा ते पाहून बराच वेळ फाटकाशी उभा राहिला आणि मग अतिशय अदबीनं म्हणाला, "दादाजी, ज़रा घूंघट उठा दीजिए, यूनिट देखने हैं." घरमालक बाहेर आले. त्यांनी झबलं दोन बोटांनी वर केलं, आकडा लिहून होईपर्यंत धरून ठेवलं आणि सोडताना झालर सारखी केली. "उघडं बरं नाही दिसत," एवढाच खुलासा त्यांनी केला, तोही मराठीत. आमचं बालाघाट मध्य प्रदेशात, त्या बिचाऱ्याला तो कळला नसावा.

हे गुलाबराव देशकर, आमचे शेजारी. वनखात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झाले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण उंची आणि मिशा अजून नोकरीत आहेत. आवाजही. जन्मभर जंगलात हाका मारायची सवय, त्यामुळे ते त्यांच्या घरात "कुमुद, चहा" म्हणाले की आमच्या घरात माझी बायको सुनंदा आधण ठेवते. असा माणूस मांडीवर दोऱ्याची गुंडी घेऊन, चष्मा नाकावर ओढून, ओठांत पुटपुटत साखळ्यांचे आणि खांबांचे टाके मोजतो आहे, हे दृश्य नवीन माणसाला पचायला वेळ लागतो. आम्हा बालाघाटकरांना मात्र ते सवयीचं झालेलं आहे. सकाळी फिरायला जाताना त्यांच्या शर्टाच्या खिशातून पेन डोकावतं आहे असं वाटलं, तर ती क्रोशाची सुई असते.

हे वेड लागलं त्याला कुमुदवहिनी जबाबदार आहेत असं गुलाबभाऊ म्हणतात. तेव्हा ते बिरसा गावाकडच्या जंगलात होते. क्वार्टर एकटं, शेजार नाही, आणि मुलगा पराग पोटात असताना डॉक्टरांनी वहिनींना पडून राहायला सांगितलेलं. त्या वेळ घालवायला टेबलक्लॉथ विणत. साहेब दौऱ्यावरून आले की बाजूला बसून त्याची तपासणी करत. हा खांब ढिला, ही पाकळी तिरपी. एक दिवस वहिनींनी सुई त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, इतकं समजते त तुम्हीच करा. "तो माहा शेवटचा टाका," वहिनी सांगतात. "त्याच्यापेक्षा सवत आणली असती त परवडलं असतं. तिनं निदान भांडे त घासले असते."

तेव्हापासून देशकरांच्या घरात वस्तू उघडी राहिलेली नाही. टीव्हीला रुमाल, फ्रिजला रुमाल, हे जुन्या घरांत असतंच. पण गुलाबभाऊंनी इन्व्हर्टरला अंगरखा घातला, गॅसच्या सिलिंडरला घेरदार झगा, आणि टीव्हीच्या रिमोटला टोपडं, ज्यातून फक्त आवाजाचं बटण बाहेर राहतं. बाकी बटणांची गरज नाही, कारण चॅनल ते बदलू देत नाहीत. बसण्याचेही नियम आहेत. डोक्याला तेल असेल तर भिंतीकडची खुर्ची. कप रुमालावर, रुमाल तिपाईवर, आणि तिपाई हलवायची नाही. एकदा पोहे खाताना माझं हळदीचं बोट सोफ्याच्या फुलाला लागलं. गुलाबभाऊंनी ते फूल उसवलं आणि माझ्यासमोर बसून नवीन विणलं, पोहे संपेपर्यंत.

आता त्यांच्या दुसऱ्या छंदाकडे येतो. गल्लीत त्याला 'जप्ती' म्हणतात.

आमची ही गल्ली एकेकाळी अर्धी मराठी होती. कोणी कलेक्टोरेटमध्ये, कोणी कोर्टात, कोणी रेल्वेत, कोणी भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत. निवृत्ती आली की मुलं जिथे असतील तिथे माणसं जायला लागली. कोणी नागपूरला, कोणी पुण्याला, कोणी भिलाईला. ट्रक दारात लागला की शेजारपाजारचे लोक चहा घेऊन जातात, कोणी प्रवासाला पोळ्या-भाजी करून देतं. गुलाबभाऊ मोजपट्टी घेऊन जातात. घरात शिरायचं, सामानातून शांतपणे फिरायचं, एका वस्तूसमोर थांबायचं, लांबी-रुंदी मोजायची आणि जाहीर करायचं, "हे मी ठेवून घेतो. आले की पाहाले या." अवैध सागवान पकडलेल्या अधिकाऱ्याचा तो सूर असतो. जाणारा माणूस आधीच रडकुंडीला आलेला, तो हो म्हणतो. शिवाय ती वस्तू बहुधा भंगारात जाणारच असते.

अशा रीतीनं जोगांचा वॉल्व्हचा रेडिओ त्यांच्याकडे आला. कोर्टातल्या पिंपळकरांचा टाइपरायटर आला. पराते मास्तरीणबाईंचं दुधाचं जाळीचं कपाट आलं, त्यात आता दोऱ्याच्या गुंड्या असतात. स्टेशनवरच्या कुळकर्ण्यांचा नॅरोगेजच्या छोट्या गाडीच्या काळातला कंदील आला. भरवेलीहून ठोसरांचं खाणीतलं हेल्मेट आलं. ते क्रोशाच्या झोळीत घालून गुलाबभाऊंनी खिडकीत उलटं टांगलं आहे आणि त्यात मनीप्लांट लावला आहे. प्रत्येक वस्तूला मापानं शिवल्यासारखं झबलं. आणि त्या घरात वस्तूला वस्तूचं नाव नाही. "जोगांले पुसून घे," ते वहिनींना सांगतात. "ठोसराले पाणी घातलं का?" नवीन माणसाला वाटतं घरात पाहुणे मुक्कामाला आहेत.

वहिनींनी बरीच वर्षं या संसाराला 'कबाड' हा एकच शब्द वापरला. मग पराग बंगलोरहून बायकोला घेऊन आला. सून ईशिता घरं सजवून देण्याचंच काम करते. ती दारातच थबकली. वहिनी मनातल्या मनात मेल्या. ईशिता एकेका खोलीत फिरली, हेल्मेटला हात लावला, रेडिओचं झबलं उचलून पाहिलं आणि म्हणाली, "पापा, ये तो प्रॉपर बोहेमियन है." तिनं भराभर फोटो काढून मोबाइलवर टाकले. तिकडे लोकांनी म्हणे खूप वाहवा केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबभाऊ आमच्या व्हरांड्यात हजर. सून जे बोलली ते चांगलं की वाईट, हे त्यांना माझ्याकडून हवं होतं. मी मोबाइलवर पाहून सांगितलं, बोहेमियन म्हणजे मनमौजी, भटके, एका जागी न राहणारे, नियम न मानणारे लोक. ते दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "मोहन, माह्या घरात एक कप तरी बिना नियमाचा हालते का? आन् भटके म्हणते? जे भटकले त्याहीचं सामान आहे ते. मी त इथंच आहो."

पण फोटोंचा परिणाम व्हायचा तो झालाच. लोक येऊ लागले. कॉलेजच्या मुली आल्या, कान्ह्याला वाघ पाहायला निघालेलं एक कुटुंब वाट वाकडी करून आलं. सगळ्यांनी मीटरसोबत फोटो काढले. नागपूरचा एक हॉटेलवाला आला, त्याला सगळं एकदम उचलून न्यायचं होतं. गुलाबभाऊंनी त्याला तेल लावलेल्यांच्या खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं की रेडिओ जोगांचा आहे, त्यांना विचारावं लागेल. कुठे राहतात? भिलाईला. फोन नंबर? नाही. मग विचारायचं कसं? "येतीन तेव्हा विचारू," गुलाबभाऊ म्हणाले आणि पुढचा खांब घालायला लागले. तो माणूस चहा पिऊन गेला. जोगांना गल्ली सोडून किती वर्षं झाली ते मला माहीत होतं, म्हणून मी छताकडे पाहत बसलो. ज्यांचं एक भांडंही त्या घरात नव्हतं ते सगळे येऊन पाहून गेले होते.

यंदा आमची पाळी आली. मुलानं नागपूरला घर घेतलं, सुनंदाचे गुडघे गेले आणि दवाखाने तिकडेच. इथलं घर सध्या विकायचं नाही, कुलूप लावून जायचं असं ठरलं. मी जाऊन गुलाबभाऊंना सांगितलं. त्यांनी "हौ" म्हटलं आणि वीण चालू ठेवली.

आता जप्तीत काय जाणार याबद्दल आमच्या घरात जराही शंका नव्हती. आमच्या व्हरांड्यात वडिलांची वेताची आरामखुर्ची आहे. गुलाबभाऊ रोज संध्याकाळी येऊन तिच्यातच बसतात, मी शेजारच्या ठेंगण्या मोड्यावर. एवढ्या वर्षांत तिच्या हातांना विणायच्या पट्ट्यांचे किती नमुने त्यांनी मला तोंडी सांगितले असतील. सुनंदानं खुर्ची धुतली, उन्हात वाळवली, सैल झालेला वेत बांधून घेतला. जाताना ती त्यांना देऊ, असं मनाशी ठरवून आम्ही वाट पाहत बसलो.

ते आलेच नाहीत. संध्याकाळी येणंही बंद झालं. वहिनी दोनदा येऊन लोणचं देऊन गेल्या, सुनंदापाशी डोळे पुसून गेल्या. गुलाबभाऊ मात्र फाटकावरून "मोहन, गॅसचं कनेक्शन ट्रान्सफर केलं का?" असं ओरडून विचारत आणि आत जात. सुनंदाला ते फार लागलं. जोगांचा बंद रेडिओ चालतो, मास्तरीणबाईंचं गंजलेलं कपाट चालतं, आणि आमच्याकडे पाहण्यासारखं काहीच नाही का, असं ती म्हणाली. मी तिला समजावलं, पण खरं सांगायचं तर मलाही लागलं होतं. देशकरांखेरीज गल्लीत उरलेल्या शेवटच्या मराठी बिऱ्हाडाची जप्तीसुद्धा होऊ नये, हे काही बरोबर नाही.

ट्रक यायचा त्या दिवशी सकाळी मी खुर्ची उचलली आणि त्यांच्या घरी नेऊन ठेवली. ते जोगांच्या रेडिओखाली बसले होते. हातात सुई होती पण दोरा नव्हता. मी म्हटलं, गुलाबभाऊ, मोजून घ्या.

"वापस ने," ते म्हणाले.

मला वाटलं रुसलेत. मी थट्टेत म्हटलं, आमची वस्तू तुमच्या बोहेमियन घरात शोभत नाही वाटतं. ते हसले नाहीत. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मले वाटे, वस्तू ठेवून घेतली त माणूस तिले पाहाले तरी येईन," गुलाबभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. "म्हणून ठेवत गेलो. झबले घातले, म्हटलं, आले त त्याहीले दिसलं पाह्यजे का आपलं सामान नीट ठेवलं. जोग नाही आले. पिंपळकर नाही आले. मास्तरीणबाईची त खबरच आली. ज्याची वस्तू या घरात आली, तो एकही वापस आला नाही, मोहन. तुही खुर्ची मी घेत नाही."

रेडिओ, टाइपरायटर, कंदील, सगळे आपापल्या झबल्यांत स्वच्छ बसलेले होते. इतकी वर्षं आम्ही ज्याला लोभ समजून हसलो ते हे होतं. मला त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं, पण त्यांना ते आवडलं नसतं.

वहिनींनी पदरानं नाक पुसलं. "नेऊन ठेवा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमच्याच व्हरांड्यात ठेवा."

तशी ती ठेवली. खुर्ची ट्रकमध्ये चढवली नाही. सामान भरून झालं, घराला कुलूप लागलं, सुनंदा गाडीत बसली. गुलाबभाऊ आमच्या व्हरांड्यात येऊन त्या खुर्चीत बसले आणि तिथूनच ट्रकवाल्याला मागे घेताना जांभळीच्या फांदीला लावू नकोस म्हणून बजावत राहिले. निरोप घ्यायला मी पायऱ्या चढलो तर म्हणाले, निरोप कशाले, तू वापस येऊनच राह्यला ना.

नागपुरात आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. घर चांगलं आहे, लख्ख आहे, सगळ्या वस्तू उघड्या आहेत. संध्याकाळी फोन वाजतो. गुलाबभाऊ तब्येत विचारत नाहीत, हवापाणी विचारत नाहीत. खुर्ची आज ओट्यावर घेतली होती, पाऊस आला म्हणून परत व्हरांड्यात सरकवली, असं सांगतात. मग विचारतात, "वापस कधी येऊन राह्यला?"

मी दिवाळीला म्हटलं आहे. सुनंदाचे गुडघे, मुलाची सुट्टी, गाडीचं रिझर्वेशन, कारणं भरपूर निघतील. पण मी जाणार आहे.