गावंडेभाऊंची वहिवाट

रोज सकाळी माझ्या तोंडात ब्रश असताना वासुदेवराव गावंडे माझ्या अंगणातून चालत जायचे.

त्यांचं घर आमच्या शेजारी. मधल्या भिंतीत एक लहानसं दार आहे, ते आमच्या अंगणात उघडतं. त्यातून ते यायचे. पांढरा पायजमा, बंडी, खांद्यावर दुपट्टा. अंगणाच्या मधोमध आले की थांबायचे, घसा खाकरायचे आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "चाललो बरं का! हक्कानं चाललो!" मग मागच्या फाटकातून बाहेर. बाहेर त्यांना काही काम नसे. बाजाराकडच्या गल्लीतून वळसा घालून ते डांबरी रस्त्यानं परत आपल्याच घरी यायचे आणि पेपर वाचत बसायचे.

अकोल्याच्या विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर आम्ही दर्यापूरला घर घेतलं. बायकोचं माहेर इथलं. राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी हे गृहस्थ अंगणात दिसले, तेव्हा मला वाटलं, शेजारी स्वागताला आले. तोंडात फेस होता, तरी मी म्हणालो, "या, या!"

"येऊन नाई राहिलो," ते म्हणाले, "जाऊन राहिलो."

आणि गेले.

नंतर त्यांनीच मला वहिवाट समजावून सांगितली. पूर्वी समोर रस्ता नव्हता, नुसता काळ्या मातीचा चिखल. गावंड्यांची सगळी मंडळी बाजाराला आमच्या अंगणातूनच जायची. आता समोर चांगला डांबरी रस्ता आहे, तो बाजाराला जवळचा आहे, हे त्यांनाही मान्य होतं. "पण वाट पायानं जित्ती राहते, साहेब. पाय थांबले का वाट मेली."

हे त्यांच्या शेताच्या बांधावर घडून गेलं होतं. "बाप आजारी होता, म्हणून त्या साली धुऱ्यावरून गाडी नेली नाई. शेजाऱ्यानं तूर पेरली. आमी काई बोललो नाई. पयले तूर निंगाली, मंग कुंपण निंगालं, मंग वाट कोठीच नाई निंगाली. अजून लांबून फिरून जातो वावरात."

मी सहानुभूतीनं मान हलवली आणि मनात म्हटलं, या माणसाला आपण सहज गुंडाळू. लोकांचे दावे नामंजूर करण्यात माझी उमेदीची वर्षं गेलेली. ठसठशीत अक्षरात 'नामंजूर' लिहिण्याबद्दल कचेरीत माझी ख्याती होती. गावंड्यांचं प्रकरण मी एका कुलपात निकाली काढायचं ठरवलं.

मागच्या फाटकाला कुलूप लावलं आणि दात घासत उभा राहिलो. गावंडे आले, कुलूप बघितलं. मला वाटलं, आता आरडाओरडा होईल. पण त्यांचा चेहरा उजळला. वर्षानुवर्षं ज्याची वाट पाहिली ती बस अखेर आली, असा चेहरा. त्यांनी गल्लीतली चार मंडळी बोलावली आणि खिशातून मोबाइल काढला.

"साहेब, एक फोटो काढू द्या. कुलूप जरा वर धरा. हां. आता इकडं पाहा."

मी कुलूप वर धरलं. इतकंच नाही, ब्रश खाली ठेवून केसांवरून हात फिरवला. आणि फोटो काढताना माणूस करतो तेच केलं. हसलो.

थोड्याच दिवसांत मला दर्यापूरच्या कोर्टातून समन्स आलं. आमच्या वानखडे वकीलबाई तरुण आहेत, पण फार शांत. त्यांनी दाव्यासोबतचा फोटो बराच वेळ बघितला.

"काका, वाट तुम्ही अडवली, हे या फोटोत दिसतंच आहे. पण तुम्ही हसताय कशाला?"

मी फोटो उलटा करून ठेवला.

कुलूप काढायला सांगून त्यांनी एक बारीक गोष्ट सांगितली. दुसऱ्याच्या जागेतून हक्क म्हणून वर्षानुवर्षं चाललं, तर वहिवाट होते. पण मालकाच्या परवानगीनं चाललं, तर ती नुसती मेहेरबानी ठरते. तिच्यावर हक्क सांगता येत नाही. "तुम्ही पहिल्या दिवशी 'या, या' म्हणालात ना? छान. तेच चालू ठेवा. रोज बोलवा. चहा पाजा. आदरातिथ्य करा."

आयुष्यात पहिल्यांदा मी कायद्याच्या सल्ल्यानं पाहुणचार करायला लागलो. गावंडे दारातून आले की मी हात जोडून उभा. "या गावंडेभाऊ! आमच्या परवानगीनं खुशाल जा! चहा घेऊन जा!"

गावंड्यांनी एका क्षणात ओळखलं.

"चहा नाई. मी मेहमान नाई, मी हक्कदार आहो!" आणि गल्लीकडे तोंड करून, "परवानगीनं नाई चाललो बरं का! हक्कानं चाललो!"

मी हटलो नाही. चहाचे पोहे झाले, पोह्यांची भजी झाली, मोर्शीहून मागवलेली संत्री झाली. भज्यांच्या दिवशी ते क्षणभर थबकले. नाक थरथरलं. पण माणूस पक्का. पुढं गेले. रोजची उरलेली भजी मीच खाल्ली आणि त्या दाव्यात माझं सगळ्यात मोठं नुकसान झालं ते पोटाच्या बाजूला झालं.

तारखेच्या दिवशी मात्र ते आमच्या पुढच्या दारात यायचे. "साहेब, आटपा. तारीख हाय." एकाच ऑटोतून आम्ही एकमेकांविरुद्ध लढायला जायचो. कोर्टात पंख्याखालचा बाक ते माझ्यासाठी धरून ठेवायचे. एकदा तर म्हणाले, "तुमच्या वकीलबाईले सांगजा, मागच्या टायमाचा मुद्दा जरा लंगडा होता. नीट मांडा, मजा नाई येऊन राहिली."

मग बायकोला ताप भरला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात नव्हतो. गावंडे आले आणि त्यांची घोषणा झाली, पण तिच्यात जोर नव्हता. थोड्या वेळानं पुढच्या दाराची कडी वाजली. बघतो तर गावंडे रस्त्यानं फिरून आलेले, हातात गवती चहाची जुडी.

"वहिनी दिसून नाई राहिल्या. आवाज नाई भांड्याचा. मी आज वहिवाटीनं नाई आलो, साहेब. आजारी माणसाले पाहाले आलो. याचा पुरावा नोका धरजा."

मी त्यांना आत घेतलं. गवती चहा टाकून मीच चहा केला. पुढं करताना म्हणालो, "हा केसमधला नाही."

"मंग द्या."

बशीत ओतून, फुंकर घालून त्यांनी तो चहा प्यायला. साखर कमी पडली होती, तसं सांगितलंही. जाताना आतल्या खोलीच्या दाराशी उभे राहून म्हणाले, "वहिनी, लवकर उठा. तुमच्या साहेबाले चहा नाई जमत."

त्यानंतर मला भांडता येईना. पुढच्या तारखेला प्रकरण तडजोडीसाठी कोर्टातल्या आतल्या खोलीत गेलं, तेव्हा मी वहिवाट कबूल केली. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. जिंकायची संधी होती म्हणे. मजकूर ठरला. गावंडे आणि त्यांच्या घरच्या मंडळींनी अंगणातून पायी ये-जा करावी, मी फाटक अडवू नये. लिहून घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "घरात कोण कोण?"

"मी."

"आणखी?"

गावंड्यांनी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला. "पोरगी नागपूरले असते. मीच लिवा."

सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी मी ब्रश घेऊन अंगणात उभा राहिलो. गावंडे आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. बायको आतून दोनदा येऊन बघून गेली. "अहो, बरं आहे ना त्यांचं?" डांबरी रस्त्यानं ते भाजी घेऊन येताना दिसले. पाय धड होते.

शेवटी मी त्या भिंतीतल्या दारातून पलीकडे गेलो. इतक्या दिवसांत मी ते घर आतून बघितलंच नव्हतं. ओट्यावर एक खुर्ची. गावंडे पेपर घेऊन बसलेले, पण पेपर घडीतच होता.

"भाऊ, रागावलात का? वाट तर तुम्हाला मिळाली."

"मिळाली ना. पक्की झाली. आता कोनी तूर नाई पेरत."

"मग चालत का नाही?"

"कायले चालू?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पयले काम होतं. वाट राखाची होती. आता उगीच कोनाच्या घरात कायले घुसाचं? मानसाले काई कारन तं लागते ना, साहेब."

मी काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. पण विमा कचेरीतल्या माणसाला असल्या वेळी शब्द सुचत नाहीत. दुसरंच सुचतं. त्यांच्या अंगणात एक मोठा कडुनिंब होता. मी त्याच्याकडे बोट दाखवलं.

"हे झाड तुमचं ना? याच्या फांद्या आमच्या गच्चीवर आल्यात. पाल्यानं पाण्याचा पाइप बुजतो. माझी हरकत आहे."

गावंड्यांनी पेपर हळूच खाली ठेवला.

"कोन्ती फांदी?"

"ती, पूर्वेची."

"पूर्वेची नाई ते. उत्तरेची हाय. दिशा समजत नाई अन् हरकत घेऊन राहिले!" ते चप्पल शोधायला लागले. "चला. मौक्यावर पाहू."

आम्ही दोघं आमच्या अंगणात आलो. ते मान वर करून फांदीखाली उभे राहिले, मग दोन पावलं सरकून पुन्हा बघितलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात आली होती.

"फांदी आली हाय," ते म्हणाले. "कबूल. तोडाचा हक्क हाय तुमाले. पन पयले मले नोटीस द्या लागन."

"देतो. वकीलबाईंना सांगतो."

"वकील नोका." त्यांची नजर अजून वर फांदीतच होती. "पोष्टानं बी नोका पाठवू. तुमी सोताच आनून देजा. संध्याकायी मी घरीच असतो."